गाळे महामार्गाला तोंड करून, की आतल्या रस्त्यावर?

सोलापूरच्या वेशीबाहेर महामार्गालगत जमीन असलेल्या आणि तिथे खाली गाळे, वर घरे बांधू इच्छिणाऱ्या कुटुंबासमोर सहसा दोन आराखडे येतात. पहिल्यात गाळ्यांची रांग थेट महामार्गाला तोंड करून उभी राहते. दुसऱ्यात महामार्गावरून एकच प्रवेश घेऊन आत रस्ता काढतात आणि गाळे त्या रस्त्याच्या दोन्ही कडांना येतात. हैदराबाद रस्त्यालगतच्या आमच्या सामाईक जमिनीबाबत आम्हा भावंडांना हीच निवड करावी लागली. बिनशेती परवानगी आणि मंजुरीची प्रक्रिया वाचकांना ठाऊक असेल, म्हणून तिच्यात शिरत नाही.

पहिल्या आराखड्याचे बळ खरे आहे. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करत निघालेला प्रवासी चादरी आणि टॉवेलसाठी गाडी थांबवतो. भोजनालयालाही दर्शनी जागाच हवी. केवळ दुकानेच काढायची असतील, तर मी या आराखड्याला हरकत घेणार नाही.

प्रश्न येतो तो वर राहणाऱ्यांचा. पूर्वी आम्ही पुणे रस्त्यावर अशाच इमारतीत सहा वर्षे राहिलो. दूध, भाजी आणि मुलाची शाळा हे सारे पलीकडे होते आणि दुभाजक ओलांडायला मोकळी जागा बरीच लांब होती. त्यामुळे सेवा रस्त्यावरून उलट्या दिशेने दुचाकी नेणे हा तिथल्या प्रत्येकाचा नित्यक्रम झाला होता. मुलाला मागे बसवून मीही तेच करत असे, याचे आजही वाईट वाटते. आई सकाळी एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात निऱ्या धरून दुभाजकावर चढत असे, आणि ती परत येईपर्यंत मी गॅलरीतून हलत नसे. गाळ्याचे भाडे वेळेवर येत होते. पण माझ्यापुरता निर्णय त्या गॅलरीतच झाला.

दुसऱ्या आराखड्यात रस्त्यासाठी स्वतःची जमीन सोडावी लागते, हा त्याचा मोठा तोटा. मात्र गावाबाहेरच्या सपाट भागात महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा धरण्याचे मानक आहे, म्हणजे पुढची पट्टी तशीही मोकळीच राहते. आम्ही तिथे वाहनतळ आणि कडुनिंब ठेवले. आतले शेवटचे दोन गाळे भरायला वर्ष लागले, हेही सांगायला हवे. किराणा, पिठाची गिरणी, शिंपी, दवाखाना यांचे गिऱ्हाईक आसपासच्या घरांतून चालत येते, त्यामुळे घरे भरल्याशिवाय हे गाळे धरत नाहीत. शहराच्या पूर्व भागात खाली माग आणि वर घर अशी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदली आहे. ती गल्लीला तोंड करून आहे, हे मला महत्त्वाचे वाटते.

प्रत्येकाची जमीन आणि गरज वेगळी असते, तरी कुटुंब तिथेच राहणार असेल तर माझा कल दुसऱ्या आराखड्याकडे आहे. आमचे थोरले बंधू शेवटपर्यंत पहिल्याच्या बाजूने होते. प्रवेशाजवळचे दोन दर्शनी गाळे त्यांनी मागून घेतले आणि तिथे त्यांचे चादरींचे दुकान उत्तम चालते. घर मात्र त्यांनीही आतल्या बाजूला घेतले.