एलायझा की डीप ब्ल्यू?

2025 मध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाला, तेव्हापासून आमच्या फोंड्यात पटाशी बसलं की एक वाद निघतोच: माणसासारखं न वागणारं यंत्र माणसाच्या पुढे गेलं असं म्हणावं का? मी दोन जुनी यंत्रं शेजारी ठेवून बघतो.

एलायझा हा 1966 चा, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या जोसेफ वायझेनबाम यांचा गप्पा मारणारा प्रोग्रॅम. तुमच्या वाक्यातले ठरावीक शब्द हेरायचा आणि तेच वाक्य प्रश्न करून परत द्यायचा. अर्थ काहीच कळत नव्हता, तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळं करत.

डीप ब्ल्यू हा आयबीएमचा बुद्धिबळ खेळणारा संगणक. त्याला गप्पा येत नव्हत्या. पण 1997 मध्ये त्याने तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला 3.5–2.5 असं हरवलं. सेकंदाला सुमारे 20 कोटी स्थिती तपासून! कुठलाही माणूस असा खेळत नाही. आज तर फोनमधलं स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं सॉफ्टवेअरही जगज्जेत्याला भारी पडतं, म्हणून मोठ्या स्पर्धांत खेळाडूला फोन जवळ ठेवता येत नाही.

माझा कौल डीप ब्ल्यूलाच. माणसाचं सोंग वठवणं वेगळं आणि काम जास्त चांगलं करणं वेगळं. प्रथिनांचा आकार सांगणारं अल्फाफोल्ड कुठे माणसासारखं आहे? त्या कामाला 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

एक मात्र मला मनापासून अडतं. पटावर हार-जीत मोजता येते. शोकात बुडालेल्या घरी जाऊन समजूत घालणं कसं मोजायचं? तिथे माणूस कळल्याशिवाय यंत्र पुढे जाईल, असं मला वाटत नाही.