शिडीवाली टॉयलेट सीट, पायाखालचं स्टूल आणि शी धरून ठेवणारी पोरगी: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

रिव्ह्यू सीटचा आहे म्हणून आधी तिचंच सांगतो. मोठ्यांच्या कमोडवर अडकवायची लहान मुलांची सीट, तिलाच जोडलेली दोन पायऱ्यांची प्लास्टिकची शिडी, दोन्ही बाजूंना धरायला हँडल आणि बसायला मऊ गादी, असा सगळा प्रकार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण या डिझाइनच्या सीट अनेक कंपन्या बनवतात आणि मी जे सांगतोय ते डिझाइनबद्दल आहे. बॉक्सवर टॉयलेट ट्रेनिंगसाठी असं लिहिलेलं असतं. आम्ही घेतली ती मात्र बद्धकोष्ठासाठी. पोरगी शी धरून ठेवायची आणि डॉक्टरांनी औषधासोबत एक गोष्ट अगदी बजावून सांगितली, की बसताना तिचे पाय लोंबकळता कामा नयेत.

या एका निकषावर या सीटला पाचपैकी अडीच. का ते सांगतो.

आपल्या गुदाशयाभोवती स्नायूचा एक पट्टा असतो, तो मागून वळसा घालून आतडं पुढे ओढून धरतो, म्हणजे तिथे एक वाकडा कोन तयार होतो आणि आपण उभे असू चालत असू तरी काही बाहेर येत नाही. उकिडवं बसलं किंवा गुडघे कमरेच्या थोडे वर आले की तो पट्टा सैल पडतो आणि वाट बरीच सरळ होते. लहान मूल मोठ्या कमोडवर बसलं की पाय हवेत, बूड आत घसरतंय, पडू नये म्हणून दोन्ही हातांनी कडा घट्ट धरलेल्या आणि मांड्या आवळलेल्या. आता अशा अवस्थेत खालचे स्नायू ढिले सोड म्हटलं तर ते कसं जमणार त्या जिवाला? म्हणून पाय टेकणं ही आरामाची चैन नाही, अर्धं काम तेच आहे.

आता शिडीची गंमत बघा. वरची पायरी चढण्यासाठी बनवलेली आहे, पाय ठेवून बसण्यासाठी नाही. अरुंद आहे. आमच्या पोरीचे फक्त चवडे टेकायचे, टाचा हवेतच. आणि टाचा उचलून चवड्यांवर राहणं ही शी धरून ठेवणाऱ्या मुलांची अगदी ठरलेली पोझ आहे, म्हणजे सीट तिला नेमकं तेच करायला लावत होती! पायरी वरखाली करायला खाचा आहेत पण दोन खाचांमध्ये अंतर इतकं की एक फार खाली आणि दुसरी फार वर. शेवटी वेगळं रुंद स्टूल आणलं, दोन्ही तळवे सपाट मावतील असं, आणि शिडी नुसती चढायला ठेवली.

बाकीच्या तक्रारी पटापट. ओल्या फरशीवर शिडीचे रबरी पाय थोडे सरकतात आणि पोरीने जोर लावला की डुगडुगते, डुगडुगलं की ती घाबरून उठते आणि मग सगळं मुसळ केरात. गादीच्या शिवणीत पाणी आणि शू मुरते, कितीही पुसा वास राहतोच, त्यामुळे गादी निघत नसेल तर साधी कडक प्लास्टिकची सीटच घ्या. पुढे शू उडू नये म्हणून जो उंचवटा असतो तो चढता उतरता लागतो. हँडल मात्र छान आहेत, त्यांना पूर्ण मार्क.

मूल अगदी लहान असेल, म्हणजे नुकतंच दोनच्या आसपास, तर जमिनीवरची बुटकी पॉटी यापेक्षा बरी असं माझं मत झालंय. ती मुळात इतकी खाली असते की गुडघे आपोआप वर येतात आणि पाय जमिनीला टेकलेले असतात, वेगळं काही करावं लागत नाही. फक्त प्रत्येक वेळी ती धुवायची कोणी यावरून घरात जी चर्चा होते तिची तयारी ठेवा.

पण खरं सांगू का, सीट कितीही भारी आणा, शी कडक असेल तर सीट म्हणजे पोरासाठी शिक्षेची खुर्ची. आधी शी मऊ व्हायला पाहिजे, मग बसायची सवय. आम्हाला सीटच्या बॉक्सने हे सांगितलं नाही, अर्थात सांगणार तरी कसा.

होतं असं की कधीतरी एकदा खडा होतो, दुखतं, कधी चीर पडून थोडं रक्तही येतं. मूल मनात पक्कं करून टाकतं की शी म्हणजे दुखणं, मग पुढच्या वेळी लागली की सोफ्यामागे जाऊन उभं राहायचं, पायाची कात्री करायची, अंग ताठ, चेहरा लाल. बघणाऱ्याला वाटतं बिचारी किती कुंथतेय. कुंथत नसते, ती अडवत असते! शी आत जितका वेळ राहील तितकं आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं, म्हणजे ती अजून मोठी, अजून कडक, पुढच्या वेळी अजून दुखणार. असं चालत राहिलं की गुदाशय ताणला जातो आणि लागल्याची जाणीवच बोथट होते. मग साठलेल्या कडक गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपते आणि चड्डीला लागते. घरच्यांना वाटतं जुलाब लागले, औषध बंद करा. एकदम उलटं आहे ते. आणि मूल आळशीपणा करतंय म्हणून ओरडू तर अजिबात नका, त्याला ते कळतसुद्धा नसतं.

तर या सगळ्या खरेदीत माझ्या मते ज्याला पाचपैकी पाच द्यावेत ते म्हणजे डॉक्टरांनी दिलेली पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर. काम अगदी साधं, पाणी धरून ठेवते आणि ते पाणी आतड्यातून शोषलं जाऊ देत नाही, शी मऊ राहते. स्वतः ती अंगात जवळपास शोषलीच जात नाही. नुसती असते ती बेचव, कशातही विरघळते, पोरीला पत्ता लागत नाही. ज्यात क्षार घातलेले असतात ती खारट लागते, ती पाजायची म्हणजे वेगळाच कार्यक्रम. दुसरं औषध म्हणजे लॅक्टुलोजचं गोड सिरप, ते मुलं आवडीने घेतात पण मोठ्या आतड्यातले जिवाणू ते फोडतात त्यामुळे गॅस होतो, म्हणून त्याला साडेतीन. डोस मी लिहिणार नाही कारण तो वजनावर ठरतो, आणि आत आधीच बरंच साठलंय का यावरही, ते डॉक्टरांनीच बघायचं.

इथेच सगळ्या घरांत गाडी अडते. आजी म्हणते सवय लागेल हो, शेजारी म्हणतात आतडी आळशी होतील, आणि चार वेळा नीट शी झाली की औषध गायब. मुलांच्या पोटविकार तज्ज्ञांच्या युरोपातल्या आणि उत्तर अमेरिकेतल्या संघटनांनी मिळून २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात स्पष्ट आहे की पहिली पसंती पॉलिइथिलीन ग्लायकॉलला, ते नसेल तर लॅक्टुलोज, मऊ राखण्याचं औषध किमान २ महिने द्यायचं आणि सगळं सुरळीत होऊन किमान १ महिना गेल्यावरच, तेही हळूहळू कमी करायचं. ताणलेला गुदाशय पूर्वपदावर यायला आणि मुलाच्या डोक्यातली भीती जायला वेळ लागतो ना. आमच्याकडे फरक पडला तो हे चिकाटीने चालू ठेवल्यावरच.

त्याच सूचनांमध्ये अजून एक आहे जे ऐकून मलाच बरं वाटलं. रोजच्या गरजेपुरता चोथा आणि पाणी हवंच, पण त्याच्यावर जास्तीचं पाजून, जास्तीचा चोथा खाऊ घालून किंवा प्रोबायोटिक, म्हणजे पोटासाठी चांगले मानले जाणारे जिवाणू, देऊन बद्धकोष्ठ बरं होतं याला पुरावा नाही. म्हणजे ते प्रोबायोटिकचे थेंब जे सगळे सुचवतात त्यांना माझ्याकडून पाचपैकी एक, तोही बाटलीचा ड्रॉपर चांगला होता म्हणून. फळांचं म्हणाल तर प्रून आणि नाशपातीत सॉर्बिटॉल असतं, ते आतड्यात पाणी ओढतं, वरचं खाणं सुरू झालेल्या बाळाला त्याची प्युरी देऊन बघायला हरकत नाही, सौम्य त्रासात उपयोग होतो. आणि दूध मोजा बाबांनो. वर्षाच्या पुढचं पोरगं दिवसाला अर्ध्या लिटरच्या फार पुढे जात असेल तर पोट दुधानेच भरतं, बाकी काही पोटात जात नाही, वर लोहही कमी पडतं. वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य अन्न म्हणून द्यायचंच नाही.

तान्ह्या बाळाचं गणित पूर्ण वेगळं, कृपया वरचं सगळं त्याला लावू नका. पहिले काही आठवडे सरले की फक्त आईच्या दुधावरचं बाळ आठवडाभरही शी करत नाही आणि तरी ठणठणीत असतं. शी मऊ आहे, वजन वाढतंय, पितंय, मग बद्धकोष्ठ नाही ते. काही बाळं दहा वीस मिनिटं लालबुंद होऊन रडतात आणि शेवटी होते ती मऊच, कारण पोटाने जोर लावणं आणि खालून सोडणं एकाच वेळी अजून जमत नसतं. शिकतात आपोआप. तिथे गॅस काढायच्या नळ्या, थर्मामीटरचं टोक असलं काही घालू नका. बाळाला वाटतं बाहेरून मदत मिळाल्याशिवाय व्हायचंच नाही, शिकायचं राहूनच जातं. नळी विकत घेऊ नका, शून्य स्टार. पाय सायकलसारखे हलवणं, पोटावर घड्याळाच्या दिशेने हलका हात फिरवणं, हे फुकट आहे आणि त्याने काही बिघडत नाही. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी नाही, फॉर्म्युला पावडर डब्यावर लिहिलेल्या मापानेच, घट्ट पातळ करायचं नाही. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, बोट्युलिझम या जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका असतो, आणि त्या आजाराचं पहिलं लक्षण बऱ्याचदा बद्धकोष्ठच असतं, म्हणजे उपाय म्हणून चाटवायचं आणि आजार ओढवून घ्यायचा.

ग्लिसरीनच्या सपोझिटरीला, म्हणजे शीच्या जागेतून आत सरकवायच्या वडीला, मी मार्क द्यायला कचरतोय. काम करते, पटकन करते. पण ती अडल्यानडल्यासाठी, डॉक्टरांना विचारून, रोजची नाही. आणि जे मूल आधीच त्या जागेला घाबरलंय तिथे वारंवार काही घालत राहिलं तर भीती अजून घट्ट होते. फॉस्फेटचा एनिमा तर घरी स्वतःच्या मनाने नकोच, दोन वर्षांखालच्या मुलांना तो देऊ नये असा अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा २०१४ चा इशारा आहे, क्षारांचं संतुलन बिघडून जिवावर बेतू शकतं.

आता आश्चर्याची वस्तू. साबणाचे फुगे! बाटली आणि काडी, बस. मूल फुंकतं तेव्हा पोटाचा जोर आपसूक लागतो, खालचे स्नायू सैल पडतात आणि लक्षही दुसरीकडे जातं. जोर लाव जोर लाव म्हणून घसा कोरडा करण्यापेक्षा हे शंभरपट बरं. जेवण झाल्यावर आतडी आपणहून हालचाल करतात म्हणून तेव्हाच बसवायचं, पाच ते दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. स्टिकर द्यायचा तो बसल्याबद्दल, झाल्याबद्दल नाही.

ब्रिस्टल चार्टची प्रिंट पण बाथरूममध्ये लावा, १९९७ मध्ये आलेला हा शीच्या सात प्रकारांच्या चित्रांचा तक्ता आहे, एक आणि दोन नंबर म्हणजे खडे, आपल्याला हवा चार नंबर. डॉक्टरांकडे गेल्यावर कडक म्हणजे किती कडक यावर नवरा बायकोचा वाद होत नाही, नंबर सांगायचा.

आणि ही यादी असेल तर सीटबीट विसरा, सरळ डॉक्टर गाठा: जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नव्हती, अगदी पहिल्या महिन्यापासून त्रास आहे, हिरवी उलटी, पोट फुगून ताठ, ताप, वजन वाढत नाही, रिबिनीसारखी बारीक शी, शीतून बरंच रक्त, पाय लुळे वाटतात.

परत घ्यायची झाली तर ही शिडीवाली घेणार नाही. कडक प्लास्टिकची हँडलवाली साधी रिंग आणि वेगळं रुंद, जड, न घसरणारं स्टूल घेईन. स्टूलची उंची काढायला पोराला सीटवर बसवा, गुडघे कमरेच्या किंचित वर येतील इतके पाय उचलून धरा आणि टाचेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. जो आकडा येईल तेवढं उंच स्टूल, आणि पोर वाढलं की परत मोजा.