मिश्र वस्तीतला फ्लॅट, तीन वर्षं राहून: वस्तीला साडेचार स्टार, बिल्डिंगला अडीच

फ्लॅट घेताना सगळ्यांचा एकच प्रश्न, "तिथे आपली माणसं किती आहेत रे?" वरच्या मजल्याचा आवाज किती येतो हे एकानेही विचारलं नाही. आमच्या जिन्यावर बारा घरं आणि माझ्या मोजणीत सात भाषा, पहिले दोन महिने मीही अंग चोरूनच राहत होतो, खोटं कशाला बोलू.

तर आवाज. इथे प्रत्येकाची ड्युटी वेगळी, कोणी पहाटे चारला निघतो, कोणी रात्री दोनला येतो, त्यामुळे अख्खी बिल्डिंग झोपलीये असं कधी होतच नाही (रात्री उशिरा एकटं परतताना हे बरंच वाटतं म्हणा). मी हौसेने डबल काचेच्या खिडक्या बसवल्या, रस्ता शांत झाला आणि वरची खुर्ची सरकलेली आणखीच स्पष्ट ऐकू यायला लागली! पावलांचा, खुर्चीचा दणका स्लॅबमधून उतरतो, तिथे खिडकी काय करणार. शेवटी वर गेलो, आज्जींना माझी भाषा येत नाही, मला त्यांची, मग खुर्ची ओढून दाखवली, कानावर हात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर चारही पायांना जाड कापडाचे तुकडे बांधलेले. खुर्ची तेव्हापासून गप्प आहे, नातू नाही.

सोसायटीची मीटिंग मात्र संपता संपत नाही, एक वाक्य तीनदा बोलावं लागतं. मागे टाकी धुवायची नोटीस एकाच भाषेत लागली आणि अर्ध्या घरांनी पाणी भरूनच ठेवलं नाही, केवढा आरडाओरडा झाला. आता सेक्रेटरी नळाचं चित्र काढून त्यावर फुली मारतात, खाली वार आणि वेळ, बास.

आता खरेदीबद्दल, इथे मी माती खाल्ली. बघायला गेलो तेव्हा बेडरूमची एकच भिंत ताज्या रंगाची होती आणि मला वाटलं वा, काय छान ठेवलंय घर! पहिल्याच मोठ्या पावसानंतर तिथे फुगे आले, मग पांढरी भुकटी, म्हणजे भिंतीतले क्षार ओलीबरोबर बाहेर येतात ते. त्यामुळे घर एकदा पाऊस पडून गेल्यावर बघा, एकदा रात्री अकराला बघा, आणि सोसायटीचे जुने हिशोब मागायला लाजू नका, दुरुस्तीचा फंड रिकामा असेल तर तो खर्च उद्या तुमच्याच गळ्यात पडणार. एरिया सांगतील तो भिंती धरून की आतल्या आत, ते टेप लावून स्वतः मोजा.

कर्जाचं गणितही आधी करा रे. २० वर्षांचं, साडेआठ टक्क्यांचं असेल तर पहिल्या हप्त्यातला जवळपास ८२ टक्के भाग नुसतं व्याज असतो. तीन वर्षं न चुकता भरून मुद्दल कमी होतं फक्त साडेसहा टक्के, मी दोनदा बघितलं, मला वाटलं बँकेचीच चूक आहे.

विकून जाणार का? नाही. ओल काढायला प्लंबर उद्या येतो म्हणालाय, गेल्या आठवड्यातही उद्याच येणार होता. आला तर बिल्डिंगचा अर्धा स्टार वाढवतो.