पूर ओसरल्यावर पैसा कुठून उभा करायचा: सरकारी मदत, विमा की सोनेतारण?

सांगलीत कृष्णेचं पाणी घरात कित्येक दिवस तुंबून राहतं. चिपळुणात वाशिष्ठी येते, चिखल टाकते आणि ओसरते. फ्रिज दोन्हीकडे सारखाच जातो. सरकारी निकषांत मात्र या दोन घरांत फरक पडतो. कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये मिळतात, तेही घर वाहून गेलं, पडलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं तरच.

२०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे घर पूर्ण पडल्यास सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. पक्क्या घराची किमान १५ टक्के पडझड असेल तर ६,५०० रुपये. २०२१ च्या पुरानंतर राज्याने वाढीव मदत दिली होती, पण ती दरवेळी मिळेलच असं धरून चालू नका. सरकारी मदत म्हणजे भरपाई नव्हे, हातभार आहे. बांधकाम अधिकृत असावं लागतं. आधार कार्ड आणि बँक खात्यावरच्या नावात फरक असला की यादीत नाव येऊनही पैसे अडकतात. ई-केवायसी राहिली तरी तेच.

घर पुन्हा उभं करण्याइतका पैसा देतो तो विमाच. अर्थात, पाणी शिरण्याआधी पॉलिसी चालू असेल तर. ‘भारत गृह रक्षा’ ही घराच्या विम्याची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते आणि तीत पूर धरलेला आहे. हिशेब सोपा: ६०० चौरस फूट चटई क्षेत्र, बांधकाम खर्च फुटाला २,००० रुपये धरला, तर विमा रक्कम १२ लाख. जागेची किंमत यात येत नाही. सामानाला आपोआप २० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजारांचं संरक्षण. सामानाच्या या आपोआप संरक्षणाची कमाल मर्यादा १० लाख. दागिने मात्र वेगळे नोंदवावे लागतात. भाडेकरूला फक्त सामानाचाही विमा घेता येतो. गृहकर्जासोबत ‘विमा आहे’ असं सांगितलं असेल तर कागद उघडून बघा. पुष्कळदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नव्हे.

दावा फसतो तो बहुधा साफसफाईच्या घाईत. सर्व्हेअर, म्हणजे विमा दाव्यासाठी नुकसान पाहणारा माणूस, येण्याआधी भिजलेली गादी, कपाट उकिरड्यावर गेलं की पुरावाही गेला. आधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेला मोजपट्टी लावून फोटो, मग फ्रिज-वॉशिंग मशीनच्या मागच्या क्रमांकाच्या पट्टीचा. फेकणं भागच असेल तर कंपनीला आधी ईमेल करा.

सोनेतारण झटपट होतं, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. ते वायरिंग, मोटर, औषधफवारणी एवढ्यापुरतंच घ्या. फर्निचरसाठी दाव्याचा पैसा येईपर्यंत थांबा.

सरकारी मदत घेतली म्हणून विम्याचा हक्क जात नाही. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा तलाठी) किंवा नगरपालिकेत पंचनाम्याची मागणी आणि कंपनीला कळवणं एकाच दिवशी उरका. पंचनाम्याची प्रत दाव्याला जोडा. कंपनीने दावा नाकारला, किंवा लेखी तक्रारीला महिनाभर उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, एका वर्षाच्या आत जाता येतं. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही.