कॅबिनेटची उजवी बाजू

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या प्रेस शॉपमध्ये सव्वीस वर्षं पत्रा कापला आणि वाकवला. त्यामुळे भाच्याने एडिटिंगसाठी नवा कॉम्प्युटर जोडायला घेतला तेव्हा प्रोसेसर-ग्राफिक्स कार्डातलं मला काही विचारू नको म्हटलं, पण कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसतं तो पत्र्याचा डबा, मी बघणार. लॅमिंग्टन रोडवरून ३,८०० रुपयांना उचललं. तो खोका घेऊन दादरचा पूल चढलो, त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.

दुकानात सगळे डावीकडच्या काचेतून दिवे बघतात. मी उजवीकडचं झाकण उघडायला लावलं. दुकानदाराने जरा विचित्र नजरेने पाहिलं.

उजव्या बाजूला, मदरबोर्डच्या (सगळे भाग ज्यावर जोडतात त्या मुख्य बोर्डाच्या) पाठीमागे, सगळ्या वायरी लपतात. तिथे जागा नसेल तर झाकण फुगतं आणि गुडघ्याने दाबून बसवावं लागतं. इथे व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, लावला (हो, खिशात होता): २३ मिमी. चोवीस पिनांची जाड केबल आरामात जाते. वायर बांधायला पत्र्यातच उठवलेले हूक आहेत, मोजून चौदा, आणि जिथे वायर वळते तिथेच. हे ज्याने आखलं त्याने स्वतः एकदा तरी मशीन जोडलं असणार. प्रोसेसरच्या मागे पत्र्याला मोठी खिडकी आहे, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर बदलताना अख्खा बोर्ड सोडवायला नको. वर मागच्या कोपऱ्यात प्रोसेसरच्या पॉवर केबलसाठी भोक आहे, तेही बोर्ड बसवल्यावर झाकलं जात नाही. स्वस्त कॅबिनेटमध्ये नेमकं हेच चुकतं.

पत्रा ०.६ मिमी. जाड नाही, पण जिथे हात जातो तिथे कडा दुमडलेल्या आहेत. बोट फिरवलं, बर (कापलेल्या कडेला राहणारी बोचरी धार) कुठेच नाही. आमच्याकडे एवढी सफाई असती तर अर्ध्या पोरांच्या बोटांना पट्ट्या नसत्या.

आता रडगाणं. बोर्डाखालच्या नऊ पितळी खुंट्यांपैकी एकीचे आटे तिरके होते, ती मी पुन्हा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून सरळ केली. भाच्यासारख्याने जोर लावून बसवली असती आणि मग बोर्ड काढताना रडला असता. स्क्रू सगळे एकाच पुडीत. एसएसडीचा (चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कचा) एम-३ आणि हार्डडिस्कचा सहा-बत्तीस दिसायला भावंडं, पण एकाची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) अर्धा मिमी आणि दुसऱ्याला इंचाला ३२ आटे. दोन पुड्या करायला किती पैसे लागतात? हार्डडिस्कचा पिंजरा रिव्हेट मारून पक्का केलाय, त्यामुळे पॉवर सप्लायच्या उरलेल्या केबली त्या फटीत कोंबाव्या लागल्या. ग्राफिक्स कार्डासारखी कार्डं बसतात त्या स्लॉटच्या मागच्या पट्ट्या तोडून काढायच्या. एकदा तोडली की ते भोक कायमचं उघडं.

पण खरा घात पुढून. आत तीन १२० मिमीचे पंखे आणि त्यांच्या तोंडावर सलग काच! हवा येणार बाजूच्या बोटभर चिरेतून, आणि त्या चिरेला जाळीही नाही. आम्ही राहतो घोडबंदर रोडला. मेट्रोच्या कामात आमच्या खिडकीच्या कठड्यावर दोन दिवसांत बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसायची. खालच्या पॉवर सप्लायला जाळी आहे, पण ती मागून ओढायची, म्हणजे दर वेळी कॅबिनेट भिंतीपासून पुढे घ्या.

एडिट केलेला व्हिडिओ रेंडर (अंतिम फाइल तयार) होताना ग्राफिक्स कार्ड ८२ अंशांवर. खटके सोडवून पुढची काच काढली, तोच व्हिडिओ, तोच पंखा: ७४.

"मामा, काच नसेल तर लूकच गेला रे!" भाचा म्हणाला.

आतल्या कामाला माझे दहापैकी आठ, पुढच्या बाजूला दोन. काच लावूनच ठेवायची असेल तर घेऊ नका. आमची काच सध्या माळ्यावर आहे. तिच्या जागी खिडकीची मच्छरजाळी चौकटीत ताणून चुंबकाने लावली आहे. दर रविवारी नळाखाली धरतो. ताई म्हणते, आजीचं दुधाचं जाळीचं कपाट टेबलावर आणून ठेवल्यासारखं दिसतं.