जुन्या गार्डन ट्रॅक्टरसाठी कार्बुरेटर दुरुस्ती संच
१९६३ साली आलेल्या जॉन डिअर ११० सारख्या गार्डन ट्रॅक्टरांत कोहलर कंपनीचे बिडाचे एक-सिलिंडर इंजिन असे. ते धडधाकट असले, तरी टाकीत राहिलेल्या शिळ्या पेट्रोलचा चिकट थर कार्बुरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, साचला की अडून बसते. या संचातील फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई आणि तिची बैठक उत्तम आहेत, त्या बसवताच पेट्रोल ओघळणे थांबले. गॅस्केट (जोडातील गळती रोखणारे पॅकिंग) मात्र इतके पातळ की स्क्रू आवळतानाच कडेने चुरगळले. माहितीपत्रकात फ्लोटची उंची दिलेलीच नाही, ही तर अक्षम्य हयगय. जेटची (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक नळीची) छिद्रे तारेने टोकरू नयेत, क्लीनरने आणि हवेच्या दाबानेच मोकळी करावीत, कारण छिद्र किंचित मोठे झाले तरी इंधन-हवेचे प्रमाण बिघडते. संच घ्यावा, पण गॅस्केट वेगळे मागवावे.