पिकअपच्या मागच्या चाकांना स्पेसर आणि लांब स्टड : नऊ महिने वापरल्यानंतर

मागच्या नोव्हेंबरात मी माझ्या पिकअपच्या मागच्या दोन्ही चाकांना १२ मिलिमीटर जाडीचे स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या धातूच्या चकत्या) लावले आणि त्यासाठी कंपनीचे स्टड (ज्यांवर चाकाचे नट बसतात ते बोल्ट) काढून लांब स्टड बसवले. आता ऑगस्ट संपत आलाय. मध्ये द्राक्षाचा सगळा हंगाम गेला, बेदाणा शेडवरून कोल्ड स्टोरेजला गेला, आणि काळ्या मातीतला हा पावसाळा. गाडी अकरा हजार किलोमीटर फिरली. स्टड दोनदा बदलावे लागले. पहिला सेट चुकला, दुसरा आजही गाडीत आहे. दोन्हींचं सविस्तर लिहितो, कारण मी शोधत होतो तेव्हा जो तो "लांब स्टड घ्या" एवढंच सांगायचा.

स्पेसरची गरज हौसेपोटी पडली नव्हती. आधीच्या डिस्कला (टायर ज्यावर चढवतात ते धातूचं चाक) तडे गेले म्हणून मी जुन्या बाजारातून रुंद डिस्क घेतल्या. सहा स्टडच्या, पीसीडी (स्टडच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) १३९.७ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंच. भोकं तंतोतंत जुळली, पण डिस्क आतल्या बाजूला जास्त गेली. रिकाम्या गाडीत टायर आणि पाट्यामध्ये (मागच्या लीफ स्प्रिंगमध्ये) चार मिलिमीटर फट राहायची. क्रेट भरले की टायरचा गाल फुगतो आणि पाट्याला लागतो. तासगावपासून सांगलीपर्यंत येऊन बघितलं तर टायरच्या आतल्या गालावर बोटभर रुंद काळा चकचकीत पट्टा उमटलेला. असा टायर कधी फुटेल याचा भरवसा नाही. १२ चा स्पेसर घातला की फट १६ होते, हिशोब सरळ होता.

सरळ नव्हता तो स्टडचा हिशोब. मूळ स्टडवर नट १३ फेरे जायचा. स्टड एम १२ (१२ मिलिमीटर जाडीचा), पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५, म्हणजे एका फेऱ्याला दीड मिलिमीटर. १२ चा स्पेसर मध्ये आला की आठ फेरे गेले, उरले पाच. लोखंडी स्टडवर नटाची पकड निदान स्टडच्या जाडीएवढी तरी हवी. १२ च्या स्टडला १२ मिलिमीटर, म्हणजे आठ फेरे. पाच फेऱ्यांवर टनाचा माल घेऊन फिरणारे मी बघितलेत आणि त्यातल्या दोघांचं चाक गाडीच्या पुढं पळतानाही बघितलंय. म्हणून ठरवलं, स्टड बदलल्याशिवाय स्पेसर लावायचा नाही.

सांगलीत चार दुकानं फिरलो. एका ठिकाणी "चार सुती घ्या दादा, नटासकट देतो, तेच बसतंय की" असं सांगितलं. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर, आणि त्याचे आटे इंचाला वीस. मग पुढच्या चाकांना एम १२ आणि मागच्यांना चार सुती, असे दोन प्रकारचे नट एकाच गाडीत. रात्री पंक्चर काढताना मागचा नट पुढच्या स्टडवर गेला की तो ढिला बसणार आणि आटे खाणार. मी नको म्हणालो. शेवटी एका दुकानात ६० मिलिमीटर लांबीचे, एम १२, पिच दीड, असे बारा स्टड मिळाले. मूळचे ४५ चे होते. मला वाटलं, काम झालं.

इथे मी दात्यांचा व्यास मोजला नाही. स्टडच्या डोक्याखाली जे उभे दाते असतात, ते हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) भोकात रुतून बसतात आणि नट फिरवताना स्टडला फिरू देत नाहीत. माझ्या मूळ स्टडचे दाते १४.३ होते. नव्यांचे १४ निघाले. तीन दशांशांचा फरक डोळ्याला दिसत नाही, व्हर्नियरला (बारीक माप घ्यायच्या पट्टीला) दिसतो. बसवताना मिस्त्री मामांनी हातोड्याच्या दोन ठोक्यांत स्टड आत घातला. तेव्हाच थांबायला हवं होतं, कारण योग्य मापाचा स्टड दोन ठोक्यांत जात नाही, त्याला प्रेस लागते. "डोक्याला वेल्डिंगचा टाका मारू का?" असं त्यांनी विचारलं. ते मात्र मी करू दिलं नाही. हे स्टड उष्णता देऊन कडक केलेले असतात, वेल्डिंगची आच लागली की त्याच जागी त्यांची ताकद बिघडते.

जानेवारीत मणेराजुरीजवळ रात्री साडेदहाला मागचं डावं चाक पंक्चर झालं. गाडीत द्राक्षांचे क्रेट. पाच नट निघाले, सहावा पान्याबरोबर गोल फिरत राहिला. नट सैल होत नव्हता, अख्खा स्टड भोकात फिरत होता. स्टडचं डोकं ड्रमच्या आत, ते धरायचं तर ड्रम काढायला हवा, ड्रम काढायचा तर चाक काढायला हवं, आणि चाक त्याच नटानं धरलेलं. मी डिस्कच्या मागे पहार घालून चाक बाहेरच्या बाजूला जोरानं ओढून धरलं, म्हणजे ताणामुळे दाते थोडे तरी रुतावेत, आणि भावाला पाना फिरवायला लावला. अर्धा अर्धा फेरा करत तो नट निघायला पाऊण तास गेला. हे जमलं नसतं तर छिन्नीनं नट फोडणं एवढाच मार्ग उरला होता. ज्या दुकानातून स्टड घेतले तिथं दुसऱ्या दिवशी गेलो तर उत्तर मिळालं, "लांबी मागितली, लांबी दिली." ते ऐकून राग आला, पण माप माझ्याकडेही नव्हतं हे खरं.

दुसऱ्या वेळी मूळ स्टड खिशात आणि व्हर्नियर हातात घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. तीन गोष्टी लिहून नेल्या होत्या : आटे, दात्यांचा व्यास आणि दात्यांची लांबी. चौथी, डोक्यावर १०.९ चा शिक्का. त्यातला पहिला आकडा सांगतो की हा स्टड चौरस मिलिमीटरला साधारण १००० न्यूटनपर्यंत ताण घेऊन मग तुटतो, आणि दुसरा सांगतो की त्याच्या नव्वद टक्के ताणापर्यंत तो कायमचा लांबत नाही. शिक्का नसलेला स्टड कितीही चमकला तरी घेऊ नका. तिसऱ्या दुकानात १४.३ दात्यांचे, ६० लांबीचे स्टड मिळाले. बाराऐवजी चौदा घेतले, दोन डॅशबोर्डमध्ये राहतात.

नटही बदलले. मूळ नट टोपीचे, म्हणजे पुढून बंद होते. लांब स्टड अशा नटाच्या बुडाला आधी टेकतो. पाना घट्ट लागतो, आपल्याला वाटतं चाक आवळलं, आणि प्रत्यक्षात नटाचा उतार (त्याची निमुळती बाजू) डिस्कवर नीट बसलेलाच नसतो. दोन्ही बाजूंनी उघडे, ६० अंश उताराचे नट घ्या. माझ्या गाडीवर आता नट १५ फेरे जातो आणि स्टडचं टोक बाहेर दिसतं. ते डोळ्यांनी दिसणं मला फार मोलाचं वाटतं.

मागच्या चाकाचं काम जास्त निघतं, याची तयारी ठेवा. ड्रम काढला, लायनर काढले, मूळ ४५ चा स्टड मागच्या बाजूनं सहज निघतो. ६० चा तिथून जात नाही, कारण हबच्या फ्लँजमागे (स्टडची भोकं असलेल्या चकतीमागे) बॅकप्लेट (ब्रेकमागची थाळी) येते आणि मधली जागा तेवढी नसते. काही जण इथे स्टडचं टोक कापतात, काही जण बॅकप्लेट वाकवतात. दोन्ही करू नका. आम्ही दोन्ही बाजूंचे अ‍ॅक्सल बाहेर ओढले, कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेसवर स्टड दाबून घेतले, डोक्याखाली कागदही सरकत नाही हे तपासलं. अ‍ॅक्सल निघालाच आहे तर ऑइल सील नवं घाला. जुनं परत घातलं तर डिफरन्शियलचं ऑइल लायनरवर उतरतं आणि ब्रेक जातो. इम्पॅक्ट गननं नट फिरवून स्टड आत ओढायचा प्रकारही टाळा, त्यात स्टडचे आटे ताणले जातात.

स्पेसर मी त्याच लेथवाल्याकडून ६०६१ टी ६ या मजबूत प्रकारच्या अ‍ॅल्युमिनियमचे करून घेतले. आतलं भोक हबवर बसणारं आणि बाहेरच्या तोंडाला डिस्कसाठी गोल ओठ. असं केलं की चाक हबच्या मध्यावर बसतं आणि सगळा भार फक्त स्टडवर येत नाही. नुसत्या स्टडच्या भोकांवर टेकणारे, ओतीव, हलके स्पेसर बाजारात स्वस्त मिळतात. मला ते मालाच्या गाडीला मान्य नाहीत.

सगळं मिळून दुसऱ्या वेळचा खर्च साडेसात हजार आला. आधी वाया गेले ते वेगळे.

फेब्रुवारीपासून आजपर्यंतचं सांगायचं तर टायर पाट्याला एकदाही लागला नाही. ऐंशीच्या वेगाला थरथर नाही. शंभर किलोमीटरनंतर टॉर्क पान्यानं (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानं) पुन्हा आवळलं, तेव्हा उजव्या चाकाचे दोन नट पाव फेरा फिरले. गाडीच्या पुस्तकात ११ किलोग्रॅम-मीटर इतका आवळायचा जोर लिहिलाय, तेवढंच लावतो, आट्यांना ऑइल न लावता. ऑइल लावून तेवढाच पाना लावला तर स्टडवर ताण जास्त येतो. ते दोन नट का फिरले म्हणून चाक काढलं, तर ड्रमच्या तोंडावर जुन्या रंगाचा थर होता. दाबाखाली रंग चेपला, पकड सैल झाली. तारेच्या ब्रशनं धातू उघडा केला, त्यानंतर एकही नट हललेला नाही. प्रत्येक नटावरून डिस्कवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढलीय, सकाळी गाडी काढताना रेघ सरळ दिसली की निघतो.

जुलैत चाकं काढली तेव्हा हब आणि स्पेसरमध्ये पांढरी भुकटी साचलेली होती. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम ओलीत एकत्र राहिले की हे होतं. साफ करून फक्त हबच्या कडेला पातळ ग्रीस लावलं, नटांना आणि स्टडना नाही. चाक बाहेर आल्यामुळे चिखल आता थेट हौद्याच्या बाजूवर उडतो, त्यासाठी रुंद मडफ्लॅप बसवले. बेअरिंगवर भार वाढतो हे माहीत आहे, म्हणून दर महिन्याला जॅकवर चाक उचलून हलवून बघतो. अजून खेळ आलेला नाही.

पुढच्या चाकांना मी स्पेसर लावले नाहीत. मेव्हण्यानं लावलेत. खड्ड्यात त्याचं स्टिअरिंग हातातून झटका देतं, आणि मी स्वतः चालवून बघितल्यावर नाद सोडला.

कागदपत्रांचंही बघा. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे आणि मालाच्या गाडीला फिटनेस लागतंच. आरटीओत आधी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा, मी कळवलंय.

योग्य ऑफसेटच्या (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) डिस्क मिळाल्या तर मी स्पेसर काढून टाकणार. त्यासाठी मिरजेत एकाला सांगून ठेवलंय, दसऱ्यापर्यंत दोन येतील म्हणतोय. लांब स्टड मात्र काढणार नाही, उघड्या नटांबरोबर ते तसेच चालतात, आणि ते अ‍ॅक्सल पुन्हा ओढायला लागू नयेत असंच वाटतं.